उपेक्षित समाजांतील कलावंत व साहित्यिकांचा गौरव : अमेरिकेतील ‘इमेज पुरस्कार’ आणि प्रवरा खोऱ्याचा अनुभव

प्रास्ताविक

अमेरिकेत १९६७ पासून ‘इमेज पुरस्कार’ या नावाने एक गौरव सोहळा होत आला आहे. चित्रपट, दूरचित्रवाणी, संगीत आणि साहित्य या क्षेत्रांत कृष्णवर्णीय व इतर गौरेतर समाजांतील व्यक्तींनी केलेल्या कामगिरीचा त्यात सन्मान केला जातो. ‘नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ ही १९०९ मध्ये स्थापन झालेली नागरी हक्कांची संस्था तो भरवते. आपल्याकडे या सोहळ्याची वार्ता आलीच तर वृत्तपत्राच्या मनोरंजनाच्या पानावर चार ओळींत येते. तथापि मराठी वाङ्मय, समाजशास्त्र आणि इतिहास या विषयांच्या अध्यापकांनी थांबून पाहावे असे एक वैशिष्ट्य त्यात आहे. नट, गायक, कादंबरीकार आणि कवी या सर्वांची गणना तेथे एकाच पुरस्कारमालेत होते. ज्या समाजाने गाणारा गळा दिला, त्याच समाजाने लिहिणारा हात दिला, हे तेथे गृहीत धरलेले आहे.

महाराष्ट्रात असे घडले नाही. दलित व भटक्या समाजांतील साहित्यिकांचा गौरव एका वाटेने गेला आणि त्याच समाजांतील रंगमंचीय कलावंतांचा गौरव दुसऱ्या वाटेने. ही फारकत कशी झाली आणि तिची किंमत कोणी मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा आणि त्याच्या आसपासचा कालव्यांच्या पाण्यावर पोसलेला ऊसपट्टा सहकारासाठी प्रसिद्ध आहे. याच प्रवरेच्या वरच्या अंगाला संगमनेर आणि अकोले हे तालुके आहेत. संगमनेर तालुक्याने तमाशाला त्याच्या अग्रगण्य स्त्री कलावंतांपैकी काही दिल्या, तर अकोले तालुक्याने दलित आत्मकथनाचा आरंभ करणारा लेखक दिला. अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) हा या दृष्टीने अभ्यासाचा उत्तम नमुना ठरतो.

वेगळे टेबल

‘इमेज पुरस्कार’ निर्माण होण्यापूर्वीची एक घटना येथे सांगणे आवश्यक आहे. २९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिस येथील अ‍ॅम्बॅसेडर हॉटेलात ऑस्कर पुरस्कारांचा समारंभ झाला. ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटातील भूमिकेसाठी हॅटी मॅक्डॅनियल या अभिनेत्रीस सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. परंतु त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तिच्यासाठी खास परवानगी काढावी लागली आणि चित्रपटातील सहकाऱ्यांपासून दूर, भिंतीलगतच्या एका छोट्या टेबलावर तिला बसवण्यात आले. पुरस्कार मिळाला, पंगत मिळाली नाही. गावजेवणात कोणाचे पान कोठे मांडतात हे ज्याने पाहिले आहे, अशा मराठी वाचकाला या टेबलाचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही.

या घटनेची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. मॅक्डॅनियलची भूमिका एका गुलाम दाईची होती. तिने पुढेही अशाच मोलकरणींच्या भूमिका केल्या. कृष्णवर्णीयांच्या या ठरीव चित्रणाविरुद्ध १९४०च्या दशकात ज्या संस्थेने हॉलिवूडमध्ये मोहीम चालवली, ती हीच संस्था. तिचे तत्कालीन सचिव वॉल्टर व्हाइट यांच्या टीकेचा रोख मॅक्डॅनियलसारख्या नटांवरही होता, आणि त्याचे दुःख तिला होते. म्हणजे गोऱ्यांच्या समारंभात ती परकी ठरली आणि आपल्यांच्या चळवळीत संशयित. पुढे याच संस्थेने आपल्या पुरस्काराला ‘इमेज’, म्हणजे ‘प्रतिमा’, हे नाव दिले. समाजाची प्रतिमा पडद्यावर कशी दिसते ही त्या संस्थेची जुनी चिंता होती. पुरस्काराचे नावच त्या चिंतेतून आले आहे.

साहित्याच्या प्रांतातही असाच संघर्ष झाला. ग्वेन्डोलिन ब्रूक्स या कवयित्रीला १९५० मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय लेखक. तरीही १९८८ मध्ये अठ्ठेचाळीस कृष्णवर्णीय लेखकांना एक जाहीर निवेदन काढावे लागले. टोनी मॉरिसनसारख्या लेखिकेला पुलित्झर किंवा नॅशनल बुक अवॉर्ड अद्याप मिळू नये, याबद्दलची खंत त्यांनी त्यात मांडली होती. त्याच वर्षी ‘बिलव्हेड’ला पुलित्झर मिळाले आणि १९९३ मध्ये मॉरिसन यांना नोबेल. निवेदनामुळे पारितोषिक मिळाले की काय, असा कुत्सित सूर तेव्हा काहींनी लावलाच. वंचितांच्या प्रत्येक सन्मानामागे असा एखादा ‘की काय’ उभा असतो, हा अनुभव आपल्याकडेही नवा नाही.

महाराष्ट्राशी असलेले नाते

जात आणि वर्ण या दोन्ही व्यवस्था एकच आहेत असे मानण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखकाला तसे सुचवायचेही नाही. परंतु या दोन मुक्तिलढ्यांत देवाणघेवाण झाली आहे, आणि ती केवळ अभ्यासकांनी जोडलेली नाही. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी वर उल्लेखिलेल्या संस्थेचे एक संस्थापक डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली होती. अस्पृश्यांनीही असाच मार्ग अवलंबावा, हा विचार त्यामागे होता. डु बॉइस यांनी त्याच वर्षी जुलैअखेर त्यांना उत्तर धाडले. पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात ही जवळीक साहित्यात उतरली. अमेरिकेत राहून आलेले डॉ. म. ना. वानखेडे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख आपल्या विद्यार्थ्यांना व सहकाऱ्यांना करून दिली. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने त्या विचाराला नियतकालिकाचे घर दिले. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्य व संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. एका महाविद्यालयाच्या परिसरातून एवढे घडले, ही बाब अध्यापकवर्गाने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे.

मात्र या देवाणघेवाणीत कविता, कथा, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांचाच प्रामुख्याने समावेश होता. अमेरिकेतील जॅझ आणि ब्लूज यांना तेथील कृष्णवर्णीय कवींनी आपल्या काव्याच्या केंद्रस्थानी आणले. लँग्स्टन ह्यूजचे काव्य हे त्याचे ठळक उदाहरण. आपल्याकडे त्या जागी तमाशा आणि ढोलकी यायला हवी होती. ती का आली नाही?

पवळा, बापूराव आणि नाकारलेला पैसा

संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे पवळाबाईंचे गाव. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळा ओळखली जाते. तत्पूर्वी स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या करीत असे. पवळा महार समाजातील. तिच्यासाठी लावण्या आणि वग रचणारे पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी, हे रेठरे हरणाक्ष येथील ब्राह्मण. या जोडीने विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्र अक्षरशः वेडा केला. बापूरावांना आज ‘शाहीर’ म्हणून वाङ्मयेतिहासात स्थान आहे. त्यांच्या रचना पुस्तकरूपाने छापल्या गेल्या, अभ्यासक्रमात आल्या. पवळा मात्र आख्यायिका होऊन राहिली. रचनाकार साहित्याच्या इतिहासात गेला आणि जिच्या गळ्यातून व देहातून ती रचना लोकांपर्यंत पोहोचली, ती मनोरंजनाच्या इतिहासात. या एका जोडीतच पुढच्या सर्व फारकतीचे बीज दिसते.

महाड सत्याग्रहाच्या काळातील एक प्रसंग दलित चळवळीत नेहमी सांगितला जातो. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळाचे उत्पन्न सत्याग्रहासाठी देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. अस्पृश्य समाजातील स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा नको, अशी त्यांची भूमिका होती असे म्हणतात. ही भूमिका त्या काळाच्या संदर्भात समजून घ्यावी लागते. तमाशात ‘दौलतजादा’ असे. गावचा पाटील किंवा पैसेवाला रसिक नोट उंचावून नाचणारीला जवळ बोलावी, आपले नाव पुकारायला लावी, आणि तिने ते बक्षीस सलाम करून घ्यावे असा रिवाज होता. कलेचे कौतुक त्यात असेल. पण देणारा वर आणि घेणारी खाली, हे त्या व्यवहारातच ठरलेले होते. ‘पुरस्कार’ या शब्दाचा मूळ अर्थ पुढे करणे, अग्रभागी ठेवणे असा आहे. दौलतजादा हा त्याच्या नेमका उलट व्यवहार होता. बाबासाहेबांचा नकार कलेला नसून या व्यवहाराला होता, असे मानण्यास आधार आहे. कारण त्याच चळवळीने १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांना जवळ केले. जलशाचा सांगाडा तमाशाचाच होता. ढोलकी, डफ, तुणतुणे, सवालजबाब हे सारे त्यात होते. मात्र शृंगार आणि बाई त्यातून वगळली गेली.

परिणाम असा झाला की जलसाकार शाहीर चळवळीच्या सन्मानास पात्र ठरला आणि फडावरची बाई त्याबाहेर राहिली. मॅक्डॅनियलच्या बाबतीत जे घडले, त्याच्याशी याचे साम्य लपत नाही. दोन्हीकडे चळवळीला प्रतिमेची काळजी होती. ती काळजी अगदी योग्यही होती. पण त्या प्रतिमेसाठी जिला बाजूला व्हावे लागले, ती स्त्रीच होती.

विठाबाई, कांताबाई, गुलाबबाई

स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पुढे सुधारणा व परिनिरीक्षणाच्या अटींवर ती उठली आणि ‘लोकनाट्य’ हे प्रतिष्ठित नाव रूढ झाले. १९६५ मध्ये वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आले. शहरी नाट्यगृहांनी या प्रकाराला डोक्यावर घेतले. तमाशाचा आकृतिबंध अशा रीतीने सन्माननीय झाला. फडावरचे लोक होते तेथेच राहिले. यात सबनीस किंवा दादा कोंडके यांचा दोष नाही. दोष असलाच तर आकृतिबंध आणि माणूस यांना वेगळे करून पाहणाऱ्या आपल्या रसिकतेचा आहे.

‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या फडाच्या नावातच जात उघडपणे लिहिलेली होती. भाऊंच्या कन्या विठाबाई यांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींकडून पदके मिळाली. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा रुग्णालयाचे देयक भागवण्यासाठी देणगीदारांचा आधार घ्यावा लागला. विठाबाईंची खेळ चालू असताना झालेल्या प्रसूतीची कथा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. त्यांनी कोणत्या वगात कोणती भूमिका कशी केली, हे मात्र क्वचितच कोणी लिहिले. कलावंताच्या हालअपेष्टांची कथा सांगणे सोपे असते. त्याच्या कलेचे परीक्षण करायचे तर ती कला मुळात कळावी लागते.

त्यांच्या निधनानंतर चार-पाच वर्षांतच महाराष्ट्र शासनाने ‘तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार’ सुरू केला. त्याचा पहिला मान संगमनेरच्या कांताबाई सातारकर यांना मिळाला. कांताबाई तुकाराम खेडकर यांच्या फडात आल्या. १९६४ मध्ये खेडकरांचे निधन झाल्यावर मुलांना घेऊन त्यांना जवळजवळ शून्यातून उभे राहावे लागले. काही वर्षांत त्यांनी तुकाराम खेडकरांचे नाव पुढे ठेवून स्वतःचा फड काढला आणि तंबूच्या तमाशातील मोठ्या फडांत त्याची गणना होऊ लागली. शेकडो माणसांचा प्रपंच, वाहने, तंबू, तिकीटविक्री, सुपाऱ्या आणि कर्ज सांभाळणारी ही बाई एका मोठ्या उद्योगाची व्यवस्थापक होती. आपल्या वाणिज्य विभागांनी तिच्याकडे त्या दृष्टीने कधी पाहिले नाही, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते. २५ मे २०२१ रोजी करोनाच्या साथीत त्यांचे संगमनेर येथे निधन झाले. पुढच्या वर्षी लावणीसम्राज्ञी गुलाबबाई संगमनेरकर गेल्या. त्याही या पुरस्काराच्या मानकरी होत्या. मंगला बनसोडे, राधाबाई खोडे नाशिककर, मधुकर नेराळे हीसुद्धा याच नामावलीतील नावे.

या नामावलीचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. बोर्डावर उभे राहून नोट स्वीकारणारा हात येथे प्रथमच शासनाच्या व्यासपीठावर मानपत्र स्वीकारू लागला. तथापि २०२३ मध्ये एकेकाळी गाजलेल्या शांताबाई कोपरगावकर कोपरगावच्या बसस्थानकाच्या आसऱ्याला निराधार अवस्थेत असल्याचे उघड झाले आणि त्यानंतर मदतीचे हात पुढे आले. तेव्हा जीवनगौरव आणि जीवन यांच्यातील अंतर साऱ्या जिल्ह्याने पाहिले.

धामणगाव आवारीचा लेखक

आता प्रवरा खोऱ्यातील दुसऱ्या वाटेकडे वळू. दया पवार यांचा जन्म १९३५ मध्ये अकोले तालुक्यातील धामणगाव आवारी येथे झाला. ‘कोंडवाडा’ (१९७४) हा त्यांचा कवितासंग्रह आणि ‘बलुतं’ (१९७८) हे आत्मकथन. ‘बलुतं’ने मराठी गद्याची दिशा बदलली हे सर्वमान्य आहे. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९६ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने दिला जाणारा स्मृती पुरस्कार साहित्यिकांबरोबर इतर क्षेत्रांतील कलावंतांचाही विचार करतो, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. जब्बार पटेल यांच्या डॉ. आंबेडकरांवरील चित्रपटाच्या पटकथेतही पवारांचा सहभाग होता. म्हणजे हा लेखकही केवळ ‘साहित्यिक’ या खणात मावणारा नव्हता.

दलित व भटक्या समाजांतील लेखकांना मिळालेल्या मुख्य प्रवाहातील सन्मानांची यादी आता लहान राहिलेली नाही. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला १९८१ मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ मध्ये साहित्य अकादमीने गौरवले. शंकरराव खरात १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. नामदेव ढसाळ यांना साहित्य अकादमीने २००४ मध्ये, आपल्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, जीवनगौरव दिला.

परंतु व्यासपीठ कोणाचे, हा प्रश्न या यादीने मिटत नाही. तो महाराष्ट्रात फार जुना आहे. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण धाडले असता जोतीराव फुले यांनी पत्र लिहून ते नाकारले होते. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार ज्यांच्या ग्रंथांत नाही, त्यांच्या सभेशी आपला मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. त्यानंतर १३६ वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये, कवी-समीक्षक डॉ. यशवंत मनोहर यांनी विदर्भ साहित्य संघाचा ‘जीवनव्रती’ पुरस्कार नाकारला. कारण, व्यासपीठावर सरस्वतीची प्रतिमा ठेवली जाणार होती. दोनच महिन्यांनी, मार्च २०२१ मध्ये, शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘सनातन’ या कादंबरीला ‘सरस्वती सन्मान’ जाहीर झाला आणि त्यांनी तो स्वीकारला. एकाच चळवळीतून आलेल्या दोन ज्येष्ठांनी एकाच नावासमोर दोन भिन्न निर्णय घेतले. यांतील एक बरोबर आणि दुसरा चूक असा निवाडा करणे उथळपणाचे होईल. मनोहरांनी समारंभाच्या मांडणीकडे पाहिले आणि लिंबाळ्यांनी मराठीतील एका दलित कादंबरीला भारतीय भाषांच्या पातळीवर मिळणाऱ्या जागेकडे. वेगळा पुरस्कार आणि सामाईक पुरस्कार यांच्यातील ओढाताण ही अशी एकाच वेळी दोन्ही बाजूंनी खरी असते.

तीन खाती, तीन पुरस्कार

भिंत जेथे ढासळते अशी एक व्यक्ती म्हणजे अण्णाभाऊ साठे. ते कादंबरीकार, तसेच वगनाट्यकार आणि फडावर उभे राहून गाणारे शाहीर होते. मुंबईत १९५८ मध्ये झालेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. तमाशातील स्त्रीच्या जीवनावरील त्यांच्या ‘वैजयंता’ या कादंबरीवर १९६१ मध्ये चित्रपटही आला. साहित्य आणि मनोरंजन यांची जी एकत्र पंगत अमेरिकन पुरस्काराने मांडली, ती या एका माणसाच्या आयुष्यात आधीच मांडलेली होती.

आता शासनव्यवहार पाहावा. उत्कृष्ट ग्रंथांना मिळणारे यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार हा मराठी भाषेच्या खात्याचा विषय आहे. विठाबाईंच्या नावाचा पुरस्कार सांस्कृतिक कार्य खाते देते. आणि अण्णाभाऊंच्या नावाचा शासकीय पुरस्कार सामाजिक न्याय खाते देते; तो साहित्याला वा लोकनाट्याला नसून मातंग समाजाच्या उन्नतीसाठी केलेल्या कार्याला दिला जातो. त्या कार्याचा गौरव व्हावा यात दुमत असण्याचे कारण नाही. तरीही, मराठीतील एका थोर कादंबरीकाराचे नाव शासनदरबारी वाङ्मयाच्या कपाटात न जाता समाजकल्याणाच्या कपाटात गेले, ही वस्तुस्थिती विचार करायला लावते. पु. ल. किंवा कुसुमाग्रज यांच्या बाबतीत असे घडल्याची कल्पनाही आपण करू शकणार नाही.

आमचे अभ्यासक्रमही याच कपाटांप्रमाणे लावलेले आहेत. ‘बलुतं’ दलित साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत येते आणि तमाशा लोकसाहित्याच्या. पहिल्यात लेखकाचे नाव असते. दुसऱ्यात बहुधा ‘लोक’ असतात. वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थिनी लावणी सादर करतात आणि टाळ्या घेतात. ज्यांची ती लावणी, ते कलावंत तासाभराच्या अंतरावर राहत असूनही पाहुणे म्हणून सहसा बोलावले जात नाहीत.

या फारकतीला छेद देणारे प्रयत्न आहेत. शाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर कला सादर करतानाच कोसळले. त्यांच्या स्मरणार्थ त्यांचे कुटुंबीय भरवीत असलेला ‘मृद्‍गंध’ पुरस्कार लोककला, रंगभूमी, चित्रपट अशा विविध क्षेत्रांतील कलावंतांना एका मंचावर आणतो. आपल्या शेजारी प्रवरानगर येथे पद्मश्री डॉ. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या जयंतीदिनी, नारळी पौर्णिमेला, साहित्य पुरस्कारांबरोबर कलागौरवही दिला जातो. हा पुरस्कार विशिष्ट समाजांसाठी नाही. परंतु ग्रंथकार आणि कलावंत शेजारी शेजारी बसतात, एवढ्यापुरता तो आपल्या विषयाच्या फार जवळ येतो. आणि नागराज मंजुळे यांचे उदाहरण तर ताजे आहे. त्यांचा ‘पिस्तुल्या’ हा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त लघुपट अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनशास्त्राचे शिक्षण घेत असताना केलेला प्रकल्प होता. कवी म्हणून आधी ओळख, मग ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६). हा प्रवास जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या वर्गातून झाला.

वर्षाचे काम आणि आयुष्यभराचे काम

शेवटी एका व्यावहारिक भेदाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. ‘इमेज पुरस्कार’ मुख्यतः त्या त्या वर्षीच्या कामाला दिले जातात: त्या वर्षीची कादंबरी, त्या वर्षीचा पदार्पणातील लेखक, त्या वर्षीचा अभिनय. निवडीत संस्थेच्या सभासदांच्या मतदानालाही स्थान मिळत आले आहे. त्यामुळे वाद होतात. १९९४ मध्ये टुपाक शकूर या रॅप गायकाला अभिनयासाठी नामांकन मिळाले, तेव्हा त्याच्या गाण्यांतील स्त्रियांच्या चित्रणावरून कृष्णवर्णीय समाजातच मोठा गदारोळ झाला. परंतु हा वाद कामाबद्दलचा वाद असतो, आणि काम तरुणाचे असते.

आपल्याकडील तमाशाचा प्रमुख शासकीय पुरस्कार ‘जीवनगौरव’ आहे. तो मिळतो तेव्हा कलावंताचे पाय थकलेले असतात आणि फड मुलाच्या नावावर गेलेला असतो. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून दरवर्षी नाटककाराला, दिग्दर्शकाला, प्रकाशयोजनाकाराला आणि नेपथ्यकाराला पारितोषिके देत आली आहे. त्या धर्तीवर यंदाचा उत्कृष्ट वग कोणता, उत्कृष्ट सोंगाड्या कोण, ढोलकीवर कोणाचा हात सर्वांत सफाईचा, असा प्रश्न तमाशाच्या बाबतीत गांभीर्याने विचारला जात नाही. तमाशासाठी शिबिरे व महोत्सव होतात, पण ते बहुतेक जतनाच्या भाषेत होतात. जे जपायचे ते मेले आहे असे त्यात नकळत गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी देण्यासाठी येतात आणि चैत्र-वैशाखात खेळ होतात.

वर्षाच्या कामाचे मूल्यमापन करायचे तर संहिता हवी. ‘गाढवाचं लग्न’ म्हटले की दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार आठवतो. वगलेखक हरिभाऊ वडगावकर यांचे नाव सांगणारे थोडे. बहुतेक वग छापलेले नसतात. ते फडाच्या हस्तलिखित वहीत असतात, आणि कित्येकदा सोंगाड्याच्या केवळ स्मरणात. बतावणीचा तर दर खेळाला नवा पाठ होतो. या वह्यांची सूची करणे, खेळांचे ध्वनिमुद्रण करणे, एकाच वगाचे दोन फडांतील पाठ पडताळणे हे काम पुरस्कार देणाऱ्या खात्याचे नाही. ते मराठी विभागांचे आहे, आणि संगमनेर, राहुरी, अकोले येथील महाविद्यालयांना त्यासाठी प्रवासभत्त्याचीही फारशी गरज पडणार नाही.